आज पाणी कुणी आणलं?

माझं काम काय ते कळलं, की समोरचा माणूस आधी जरा सावरून बसतो. गावात अमुक केलं, तमुक दिलं असं सरकारी कागदावर लिहिलेलं असतं. ते खरंच झालंय का, हे घरोघर फिरून बघायचं आणि गावसभेत सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं, एवढंच माझं काम. सामाजिक लेखापरीक्षण असं त्याचं भारदस्त नाव आहे. कन्नडमधलं नाव त्याहून भारदस्त. कमलनगरच्या बसस्टँडवर मात्र मी 'आडिटवाली अक्का' आहे, आणि नवऱ्याच्या भाषेत 'सरकारची सासू'. हे त्यानं पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी जेवणं होईपर्यंत त्याच्याशी बोलले नव्हते. आता मीच लोकांना सांगते आणि हसते.

राग माझ्या नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकते. कुणी गुळमुळीत बोललं की माझ्या कपाळावर आठी चढते. या कामात ती आठी काही उपयोगाची नाही. घरमालकीण ती बघते आणि तिला वाटतं आपलंच काही चुकलं. म्हणून मी दारात उभी राहण्याआधी पदरानं कपाळ पुसते. घाम असो नसो. आठी जाते की नाही ठाऊक नाही, पण मला बरं वाटतं.

आमच्या गटाचे साहेब राज्याच्या पार दक्षिण टोकाचे. इकडं येऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. माणूस भला, पण आमच्या शेंगांच्या चटणीला भ्यायलेला. त्यांचं कन्नड पाठ्यपुस्तकासारखं स्वच्छ. आमच्याकडं कन्नड आहे, पण ते उन्हातान्हात फिरून रापलेलं, त्यात मराठी मिसळलेली आणि हैदराबादी उर्दूची फोडणी. साहेब कन्नडमध्ये विचारायचे, लोक मराठीत उत्तर द्यायचे, मी कागदावर कन्नडमध्ये लिहायची. अशी आमची गाडी चालायची.

त्या वर्षी आम्हाला घरोघरच्या नळाची योजना तपासायची होती. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला पुन्हा तिथं जायचं असतं. कमलनगरहून महाराष्ट्राच्या अंगाला जीपनं जावं लागतं एवढं पुरे. गाव अर्धं खाली काळ्या रानाच्या कडेला आणि अर्धं वर, लाल दगडाच्या चढणीवर. त्या वरच्या भागाला सगळे वरची गल्लीच म्हणतात. योजनेत प्रत्येक दारापुढं सिमेंटचा बुटका खांब रोवला होता. त्याला निळा पाइप, पाइपाला तोटी. कागदावर लिहिलं होतं: काम पूर्ण, घराघरात पाणी.

गावसभेत लोकांनी एकदा 'हो, पूर्ण झालं' म्हटलं, की ठेकेदार मोकळा होतो आणि योजना पंचायतीच्या गळ्यात पडते. मग पुढं कितीही ओरडा, उत्तर एकच. काम तर झालंय, तुम्हीच सांगितलं होतं. त्यामुळं आमच्या कागदावरचा प्रश्न साधा होता, पण त्याच्या उत्तरावर बरंच अवलंबून होतं. नळाला पाणी येतं का?

खालच्या गावात येत होतं. आम्ही बघितलं, लिहिलं आणि वर निघालो.

वरच्या गल्लीतल्या पहिल्या घरी आम्ही तोंड उघडायच्या आधीच तांब्या आला. आमच्या भागात हे असंच. दारात माणूस आलं की कोण, कुठलं हे नंतर, आधी त्याच्या हातात पाणी. आम्ही प्यालो. साहेबांनी विचारलं, "नीरु बरुत्ता, अम्मा?" म्हणजे, पाणी येतं का? बाई म्हणाली, "यायलंय की." लिहिलं. दुसऱ्या घरी तांब्या, पाणी, "यायलंय की." तिसऱ्या घरी तेच. अर्धी गल्ली होईपर्यंत साहेबांच्या पोटात पाणी डचमळायला लागलं, आणि नको म्हणायची त्यांना भीती. शेवटी ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अक्का, इथं शौचालयाची योजना कुणी तपासलीय का?"

मी हसले, पण माझं लक्ष दुसरीकडं होतं. एका नळावर ओलं धोतर वाळत घातलेलं. एकावर दात घासायचे ब्रश ठेवलेला मग अडकवलेला. तोटीतून रोज पाणी येत असेल तर तिच्यावर असा कुणी संसार मांडत नाही. आणि चढणीवरच्या लाल मातीत खालपासून वरपर्यंत ओल्या थेंबांची एक वाट उमटलेली होती. खालच्या विहिरीपासून निघून ती एकेका उंबऱ्याशी वळत होती.

गल्लीच्या टोकाच्या घरात एक मावशी होती. वयानं माझ्या आईची धाकटी बहीण शोभावी अशी. लाल दगडाचं दोन खणांचं घर, अंगण सारवलेलं. तिच्या नळाला शेळी बांधलेली होती.

"मावशी, शेळी नळाला कामून बांधली?" मी विचारलं.

"दुसरा खुंट कुटाय बाई?"

"आन पाणी आलं की?"

"आलं की सोडतो की तिला."

"रोज सोडता?"

तिनं शेळीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "ती काय एका जागी ऱ्हाती व्हय?" म्हणाली.

साहेबांनी आपला प्रश्न विचारला. मावशी हात जोडून थेट कन्नडमध्ये म्हणाली, "बर्तावरी साहेब, भाळ बर्ताव." येतं, खूप येतं. आणि आत जाऊन आमच्यासाठी भरलेला तांब्या घेऊन आली. तिच्या मागं खुंटीवर चुंबळ दिसत होती, डोक्यावर घागर ठेवायची कापडाची. ती इतकी ओली होती की खाली भिंतीवर ओघळ उतरला होता. ते पाणी पिताना मी त्या चुंबळीकडंच बघत राहिले. ही बाई ती चढण चढून डोक्यावरून आणते, आम्हाला पाजते आणि वर सांगते की भाळ बर्ताव!

दुपारी पंचायतीत बसलो. साहेब खूश होते. सगळे कागद 'होय'. मी म्हटलं, हे खरं नाही. ते शांतपणे म्हणाले, "लोक सांगतील ते लिहायचं, आपल्या मनाचं नाही. हाच नियम ना?" नियम हाच होता. शिवाय पंचायतीतल्या माणसानं फोटो दाखवले. वरच्या गल्लीतल्या एकेका घरापुढं बाई उभी, नळ सुरू, घागर भरत असलेली. मावशीचाही फोटो होता. त्यात ती डोक्यावरचा पदर घट्ट धरून कॅमेऱ्याकडं बघत होती.

फोटो खोटे नव्हते, हे मला नंतर कळलं. टाकी बांधली होती खालच्या अंगाला, तिचं पाणी वर चढतच नव्हतं. फोटोच्या दिवशी खालच्या गावाचा व्हॉल्व्ह बंद करून सगळा जोर वर लावला होता. तेवढ्यापुरतं पाणी चढलं, गल्लीतल्या बायकांनी पळापळ करून भांडी भरली, फोटो निघाले. पुन्हा ते पाणी कधी वर आलं नाही.

संध्याकाळी मी घरी चिडूनच पोचले. नवरा म्हणाला, "काय सासूबाई, आज कोण सापडलं?" मी म्हटलं, लोकच खोटं सांगतात, त्याला मी काय करू? त्यानं चहाचा कप पुढं केला आणि म्हणाला, "मागं तुमचे साहेब बायकोला घेऊन आलते, तवा आपला गॅस संपलता. तू त्यांना सांगितलंस?"

त्या दिवशी मी मागच्या दारानं शेजारणीकडं पातेलं घेऊन पळाले होते. तिच्या चुलीवर चहा करून आणला आणि 'काही त्रास नाही ना?' असं त्या बाईंनी विचारल्यावर 'छे, त्रास कसला!' म्हणाले होते. मोडून पडलं तरी पाहुण्यापुढं नाही म्हणायचं नाही, हे आमच्या हाडात आहे. आणि आम्ही तर अगदी पाहुण्यासारखे जाऊन, दारात बसून, पाणी पिऊन विचारत होतो, तुमच्याकडं पाणी आहे का म्हणून! कोण नाही म्हणेल?

दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपनं मी एकटीच गेले. हातात कागद घेतला नाही. मावशी अंगणात पुंडीची पानं खुडत बसली होती. पुंडी म्हणजे तुमची अंबाडी. मी काही न विचारता तिच्यासमोर बसले आणि पानं खुडायला लागले. तिनं उठून पाणी आणायला गुडघ्यावर हात ठेवला. मी म्हटलं, बसा हो मावशी, मी काय पाहुणी आहे का? तिला ते आवडलं असावं. आम्ही थोडा वेळ नुसत्याच खुडत राहिलो. मग मी विचारलं, "आज पाणी कुणी आणलं?"

"मीच की!" ती लगेच म्हणाली. "दुसरं कोन हाय घरात? पाटं उठून दोन खेपा झाल्या, ऊन उतरलं की आनिक जायचंय. ह्या गुडघ्यानं चडताना मधी त्या दगडावर टेकतो. खालच्या बाया म्हनत्यात, मावशे, पडशील एकांद दिवस. मी म्हनलं, पडले तर घागर आधी धरा, मला मागनं उचला."

आणि हसली. कालपासून एवढं मोकळं बोलणं मी त्या गल्लीत ऐकलं नव्हतं. काय नाही ते विचारलं की सगळे हात झटकत होते, आणि काय करता ते विचारल्याबरोबर ही बाई न थांबता सांगत होती. त्यात तिला लाज नव्हती, उलट अभिमान होता.

मी विचारलं, "आन सून?"

तिचे हात थांबले. मग ती हळूहळू बोलली. थोरला लेक हैदराबादला कामाला, सणावाराला येणारा. त्याचं लग्न जमवायची बैठक झाली तेव्हा दारापुढं खांब नुकतेच बसले होते. मुलीच्या बापानं पाण्याचं विचारलं. या भागात तो प्रश्न विचारल्याशिवाय कुणी पोरगी देत नाही. मावशीनं सांगितलं, दारात नळ आहे. तेव्हा तिलाही वाटत होतं, आज ना उद्या पाणी येणारच. सून आली आणि खालच्या विहिरीवरून घागरी वाहायला लागली. पोटुशी राहिली तरी वाहत होती. मधे माहेरी गेली तेव्हा आईजवळ बोलली असेल. तिचे आईबाप, म्हणजे मावशीचे व्याही, इथं येऊन विचारायला लागले.

"इवाई म्हनले, नळ हाय म्हनून सांगितलंता की तुमी. माजी जीभ काय वळंना बाई. पानी येत न्हाई म्हनलं असतं तर मी बैठकीत खोटं बोलले म्हनले असते. मग म्हनलं…" ती थांबली. "मग म्हनलं, नळ हाय की दारात. तुमचीच पोरगी आळशी हाय, कामाचा कंटाळा म्हनून सांगायली. ती तितंच हुबी हुती. माज्याकडं बगितली फकस्त. काय बोलली न्हाई."

सून बाळंतपणाला माहेरी गेली ती आलीच नाही. नळाला पाणी आल्याशिवाय पोरीला धाडणार नाही, असं तिचे आईबाप म्हणाले. मुलगी झाली. बारशाचं बोलावणं आलं, मावशीची जायची छाती झाली नाही. लेकानं फोनवर फोटो दाखवला तेवढीच नातीची ओळख. घरात आत दोरीवर तिनं जुन्या लुगड्यांची इवलीशी वाकळ शिवून टाकली होती. ती मला दाखवताना तिनं दोनदा झटकली, धूळ नव्हती तरी.

मला भरून आलं. मी म्हटलं, मावशी, हे गावसभेत सांगा. वरच्या गल्लीत पाणी येत नाही एवढं तरी सांगा. तिनं माझा हातच धरला. "नगं बाई! धाकट्याचं कुटं तरी जमायलंय. पानी न्हाई म्हनून बोभाटा झाला तर ह्या गल्लीत पोरगी कोन देईल? आन इवायाच्या गावात कळलं म्हंजी? म्हनतील, बगा, म्हातारी खोटी निगाली. तुमी लिवा काय लिवायचं ते, पर मला हुबं करू नका."

मी तिला सांगितलं, मी लिहीन, वाचीनही, पण सभेत विचारल्यावर गल्लीतलं कुणीतरी हो म्हणावं लागतं. त्याशिवाय माझं लिहिणं टिकत नाही. कोणी बोलायचं ते तुम्ही ठरवा, मी नाव घेणार नाही. निघताना तिनं खुडलेली पुंडी माझ्या पिशवीत कोंबली.

त्या दिवशी साहेब आल्यावर मी त्यांना म्हटलं, प्रश्न बदलू या. ते कागदात बघायला लागले. मी म्हटलं, कागदावरचा तसाच राहू द्या, त्याच्या आधी एक विचारू. आणि मी वरच्या गल्लीत पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली. आज पाणी कुणी आणलं?

मग काय विचारता! काल मान खाली घालून 'यायलंय की' म्हणणाऱ्या बाया ओट्यावर आल्या. एक म्हणाली, मी दिवस उगवायच्या आत खेप आणते. दुसरी म्हणाली, हिचं काय ऐकता, ही तर कळशी आणती, घागर मी आणतो. तिसरीनं नवऱ्याकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, ह्या धन्याला विचारा कवा आनलं का ते. नवरा शर्टाची बटणं लावत आत गेला. कुणाची मान धरते, कुणाची नणंद सायकलवर कॅन बांधून आणते, कुणाच्या पोरीची शाळा पहिल्या तासाला हुकते, सगळं बाहेर आलं. साहेब लिहून घेत होते. मधेच त्यांनी पेन ठेवलं, चष्मा काढला आणि स्वच्छ कन्नडमध्ये म्हणाले, "अक्का, मी इतकी वर्षं चुकीचं विचारत आलो की काय?" मला त्यांची माया आली. एवढा मोठा माणूस असं पटकन म्हणत नाही.

तरी मनात धाकधूक होतीच. ओट्यावरचं बोलणं वेगळं आणि सभेत माइक हातात घेणं वेगळं.

गावसभा समुदाय भवनात भरली. पुढं खुर्च्या, बाजूला पंचायतीचे लोक, मागं भिंतीला टेकून बायका. अशा सभेचं चित्रीकरण करावं लागतं, म्हणून कॅमेरा तिवईवर लावलेला. शिवाय ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल. मी आधी कन्नडमध्ये वाचलं, मग मराठीत. वरच्या गल्लीत नळाला पाणी येत नाही, बायका खालच्या विहिरीवरून पाणी आणतात. पंचायतीकडून लगेच फोटो पुढं आले. अध्यक्षस्थानी बाहेरच्या खात्याचे एक अधिकारी होते. त्यांनी फोटो बघितले आणि म्हणाले, वरच्या गल्लीतलं कुणी सांगा, खरं काय?

गल्लीतले एक वडीलधारे अप्पा उठले. त्यांच्या घरीही लग्नाचा नातू होता. "तसं काय न्हाई साहेब," म्हणाले, "येतंय पानी. कवा कवा जरा कमी येतंय, येवडंच."

माझ्या कपाळावर आठी चढली ती पदरानं पुसून जाण्यातली नव्हती. पण मला बोलता येत नाही. तो नियम आहे, आणि बरोबर आहे. मी वाचायचं, खरं की खोटं ते गावानं सांगायचं. अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारलं, "मग काम पूर्ण असं लिहायचं?" कुणी बोललं नाही. मी मागं बघणार नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. मावशी भिंतीशी बसली होती, पदर तोंडात धरून.

ती उठली तेव्हा मला वाटलं ती निघाली. पण ती बायकांच्या मांड्या ओलांडत पुढं आली. माइक तिनं घेतला नाही. कुणीतरी तो तिच्या तोंडाशी धरला.

"लिवू नका पुरं झालं म्हनून," ती म्हणाली. "माजी सून पोटुशी असताना घागरी वाहिल्या तिनं. चडनीवरनं. तिच्या बापापुडं मी म्हनलं, नळाला पानी हाय, तुमची पोरगी आळशी हाय. ती आळशी न्हाई. सोन्यासारकी हाय. मी खोटं बोलले. नळाला पानी न्हाई, फोटोच्या दिवशी आलतं तेवडंच. माजं नाव घालून लिवा."

अप्पा खाली बसले. मग मागून एक आवाज आला, "माज्या बी घरी न्हाई." मग दुसरा, मग एकदम सगळ्या. अधिकारी हातानं थांबा थांबा म्हणत होते आणि लिहीत होते. योजना अपूर्ण, वरच्या गल्लीसाठी वेगळी टाकी आणि वेगळी लाइन करावी, असं ठरलं. साहेबांनी टेबलाखालून माझ्याकडं बघून मान हलवली.

सभा संपल्यावर मी मावशीजवळ जाऊन बसले. मी तिचे हात हातात घेतले आणि म्हटलं, मावशी, तुमच्याएवढी छाती मी पंचायतीतल्या एकाही माणसाची बघितली नाही. खरंच सांगते, त्या क्षणी मला ती माझी आई असती तर बरं असं वाटलं. ती दाराकडं बघत होती. तिथं धाकटा उभा होता, ज्याचं लग्न जमायलंय तो. त्याला बघून ती उठेना. तो आत आला, वाकून म्हणाला, "चल आई, घरी चल," आणि तिचा दंड धरून तिला पायऱ्या उतरवून घेऊन गेला. त्याच्या त्या सोयरिकीकडून पुढं निरोप यायचे थांबले, हे मला मागाहून कळलं. असल्या गोष्टींची किंमत कुणीतरी मोजतंच, आणि बहुतेक वेळा ती आमच्या कागदात येत नाही.

सभेत ठरलेलं झालं का, हे बघायला आम्हाला पुन्हा जावं लागतं. मी गेले तेव्हा रानातली तूर निघाली होती. वरच्या गल्लीच्या माथ्यावर टाकीसाठी लाल दगडात खड्डा खणलेला, शेजारी निळ्या पाइपांचा ढीग. काम सुरू होतं, पण सरकारी चालीनं. मी एकेक तोटी फिरवून बघितली. कोरडी. ऊन तापलेलं, माझा पारा त्याहून. आता या पंचायतीला कागदावर काय काय सुनवायचं, याची जुळवाजुळव करत मी टोकाच्या घरापर्यंत आले.

ओट्यावर एक तरुण बाई बसली होती. मांडीवर लहान मूल, डोक्याला कुंची बांधलेलं. मला बघून ती उठायला लागली. मी तिला बसूनच राहा म्हटलं आणि मावशीचं विचारलं.

"आत्या खाली गेल्यात. मी नगं म्हनलं तरी गेल्या," ती म्हणाली.

आत्या म्हणजे सासू. तेव्हा मला कळलं ही कोण. मी तिच्या शेजारी बसले. मुलगी माझ्याकडं टकामका बघत होती. नाक हुबेहूब मावशीचं. मी तिच्या मुठीत बोट दिलं आणि उगाचच विचारलं, "नळाला पाणी आलं का ग?"

"न्हाई की. कुटलं!"

"मग तू कशी आलीस? तुझे आईवडील तर म्हणत होते म्हणे, पाणी आल्याशिवाय धाडणार नाही."

तिनं मुलीच्या कुंचीची गाठ सारखी केली. "ते म्हनत हुते. मी न्हाई म्हनले कवा." मग म्हणाली, "माज्या भावाच्या मोबाइलवर ती सभा आलती. आत्या बोलत्यात ती. आमच्या सगळ्या घरानं बगितलं, माज्या बापानं बी. मी म्हनलं, आता मला सोडून या."

"पण पाणी तर…"

"पानी मी आदी बी आनतच हुते की, अक्का," ती म्हणाली. "तेची काय फिकीर न्हवती. आळशी म्हनून घेऊन आनायचं न्हवतं मला."

चढणीवरच्या दगडाशी मावशी दिसली, डोक्यावर घागर, एक हात गुडघ्यावर. सुनेनं मूल माझ्या मांडीवर ठेवलं आणि अनवाणीच तिच्याकडं पळत सुटली.